डब्यावरचं नाव : साठीनंतरचं प्रेम हलक्याफुलक्या पटकथेत लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नायक निवृत्त बँक अधिकारी, वय ६६, पत्नी जाऊन चार वर्षं झाली. नायिका निवृत्त शिक्षिका, वय ६१, पती जाऊन नऊ वर्षं झाली. पुण्यातली एकच सोसायटी, समोरासमोरच्या इमारती. बागेत ओळख, मैत्री, प्रेम, मुलांचा विरोध आणि शेवटी लग्न. पहिला ड्राफ्ट तुम्ही तीन गटांना वाचून दाखवलात. एका गटाने डोळे पुसले, दुसरा म्हणाला 'किती गोड आजी-आजोबा', आणि तिसरा गुडघेदुखीच्या विनोदांना हसला नि मग मोबाइलमध्ये गेला. तुम्हाला रोमँटिक कॉमेडी हवी होती. ती नेमकी कुठे हरवते, हे तुम्ही विचारलंत. शिवाय तीन उपप्रश्न : मुलांना खलनायक करावं का, शेवटी लग्न दाखवावं की मृत्यू, आणि 'सांजवेळ' हे नाव कसं आहे.

मी २२ वर्षं मालिका आणि पटकथा लिहिते. त्यातला बराच काळ वयस्कर पात्रांचे ट्रॅक माझ्याकडे आले, कारण टीममधल्या बाकीच्यांना ते नको असायचे. मला ते मनापासून आवडायचे आणि आजही आवडतात. तुमचा ड्राफ्ट मी वाचलेला नाही, तुमच्या वर्णनावरून बोलते आहे. एखादी गोष्ट लागू पडत नसेल तर सोडून द्या.

तुम्ही याला हसू आणि रडू यांच्या प्रमाणाचा प्रश्न समजताय. मला वाटतं, तुमच्या दोघांना काही हवंच नाहीये. ती एकटी आहे, तो एकटा आहे, एवढंच आपल्याला कळतं. एकट्या माणसाकडे बघून प्रेक्षक कळवळतो. हसू येतं ते माणूस काहीतरी मिळवायला धडपडतो, ती धडपड लपवायला जातो आणि पकडला जातो तेव्हा. पंचविशीतल्या नायकाला काय हवंय हे आपण पहिल्या पाच पानांत ठरवतो. तोच नायक ६६ वर्षांचा झाला की आपण गृहीत धरतो, याला आता सोबत हवी, बाकी काय हवं असणार! 'सोबत' हा शब्द तुमच्या प्रश्नात चार वेळा आला आहे. तो खोडा आणि त्या जागी लिहा, या माणसाला या बाईकडून नेमकं काय हवंय. 'सोबत' तर सोसायटीच्या वॉचमनचीही मिळते.

नॅन्सी मायर्स यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 'समथिंग्ज गॉटा गिव्ह' (२००३) तुम्ही पाहिला असेल, नसेल तर या कामासाठी वही घेऊन बघा. हॅरी म्हणजे जॅक निकल्सन, आयुष्यभर तरुण मुलींबरोबर फिरलेला. मैत्रिणीच्या आईच्या समुद्रकाठच्या घरी त्याला हृदयविकाराचा झटका येतो आणि बरा होईपर्यंत त्याला तिथेच राहावं लागतं. ती आई, एरिका, म्हणजे डायान कीटन. कीटन तेव्हा ५७ वर्षांच्या होत्या आणि या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. एरिका भर उन्हाळ्यातही गळाबंद स्वेटर घालून वावरते. हॅरी तिला त्यावरून छेडतो, उकडत नाही का म्हणून विचारतो. पुढे दोघं जवळ येतात तेव्हा ती स्वतः त्याच्या हातात कात्री देते आणि तो स्वेटर कापायला सांगते. त्या कात्रीला थिएटरात हशाही येतो आणि गळाही भरून येतो. का? कारण इतके दिवस ती काय लपवत होती आणि तिला काय हवं होतं, दोन्ही आपल्याला एकदम कळतं. त्याच प्रसंगात हॅरीचं ब्लडप्रेशर मोजलं जातं. म्हणजे आजारपणावर विनोद आहेच. पण तो कशासाठी आहे पाहा : डॉक्टरांची अट पाळून त्याला तिच्यापर्यंत पोचायचंय. दुखणं इच्छेच्या आड येतं, म्हणून गंमत होते. तुमच्या ड्राफ्टमधले गुडघे कुणाच्याच आड येत नाहीत. ते नुसतेच दुखतात.

आपल्याकडेही हा फरक फार स्वच्छ दिसतो, तोही एकाच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांत. बासू चॅटर्जींचा 'खट्टा मीठा' (१९७८) : पारशी विधुर आणि पारशी विधवा लग्न करतात आणि दोघांची मोठी झालेली मुलं एका छपराखाली येतात. अशोककुमार तेव्हा साधारण तुमच्या नायकाच्याच वयाचे होते, समोर पर्ल पदमसी. चारच वर्षांनी आलेला 'शौकीन' (१९८२) : तीन म्हातारे गोव्याला जातात आणि एका तरुण मुलीभोवती घुटमळतात. अशोककुमार दोन्हींत आहेत. 'शौकीन' अभिनयासाठी आजही बघवतो, पण तिथे म्हाताऱ्यांची इच्छा हाच चेष्टेचा विषय आहे. 'खट्टा मीठा'त इच्छा साधी आणि मानाची आहे, घर पुन्हा भरलेलं हवं. गोंधळ होतो तो एवढी माणसं एका घरात मावत नाहीत म्हणून. तुमचा तिसरा गट हसला तो 'शौकीन'च्या जातीचं हसला. ते हसू टिकत नाही.

'गोड आजी-आजोबा' ही प्रतिक्रिया वेगळ्या कारणाने येते. तुमच्या वर्णनात बागेतले पहिले दोन प्रसंग नायिकेच्या नातीच्या नजरेतून आहेत. नात लांबून बघते आणि मैत्रिणीला दाखवते. तिथेच प्रेक्षक नातीच्या वयाचा होऊन बसतो आणि मग समोरच्या दोघांनी काहीही केलं तरी ते गोडच दिसतं. कॅमेरा त्या दोघांच्या बाकावर आणा. नात हवी असेल तर ती नंतर येऊ दे, आणि येईल तेव्हा चुकीच्या वेळी येऊ दे.

इथे मी एक चाचणी करते, ती तुम्हीही करा. प्रत्येक प्रसंगातली वयं बदलून २८ आणि २६ करा. प्रसंग पूर्ण कोसळला तर त्यातला विनोद फक्त वयावर होता, तो काढा. प्रसंगाला काहीच धक्का लागला नाही तर तुम्ही वयाचा उपयोगच केला नाही, तोही परत लिहा. प्रसंग उभा राहतो पण त्याचं काहीतरी मोलाचं गळून पडतं, असे प्रसंग ठेवा. माझ्या अनुभवात पहिल्या ड्राफ्टमध्ये असे पाच-सहाच निघतात आणि तेवढे पुरतात, बाकीचा चित्रपट त्यांच्याभोवती बांधता येतो.

असा एखादा प्रसंग कसा सापडतो? मी वर्कशॉपमध्ये एक वस्तू देते आणि तिच्यावर गोष्ट रचायला सांगते. तुम्हाला स्टीलचा डबा देते.

आपल्या घरातल्या भांड्यांवर नावं असतात. लग्नात आलेल्या, वास्तुशांतीला दिल्या-घेतलेल्या भांड्यांवर दुकानदार छोट्या मशीनने टर्रर्र करत नाव आणि तारीख घालून देतो. समजा, नायिकेने कोथिंबीर वडी पाठवली. का पाठवली ते तुम्ही ठरवा, पण कारण फुसकं असू दे, म्हणजे ती ते दोनदा सांगेल. नायक वड्या खातो, डबा घासून ओट्यावर पालथा घालतो, आणि सकाळी चहा ठेवताना त्याला झाकणाच्या कडेला कोरलेलं नाव दिसतं. तिच्या नवऱ्याचं. खाली १९८६.

आता आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. हे आजवर त्याच्या बायकोने सांभाळलं होतं. काय घालायचं, किती घालायचं, कुणाच्या घरी काय चालतं, सगळं तिच्या डोक्यात. त्याला चहा येतो आणि कुकर लावता येतो. पहिल्या वेळी तो मूठभर साखर घालून डबा देतो. दुसऱ्या वेळी बाकरवडी आणतो, पुडा फोडून डब्यात भरतो आणि घरची असल्यासारखा चेहरा करतो. ती पुण्यात ३५ वर्षं राहिलेली बाई, तिला पहिल्या तुकड्यालाच दुकान कळतं. पण ती म्हणते, 'मसाला छान जमलाय हो तुम्हाला.' इथून त्याची पंचाईत सुरू होते. खरं सांगावं, की खरंच काहीतरी शिकावं? तो शिरा शिकायला घेतो. पहिला करपतो, दुसऱ्याच्या गुठळ्या होतात, तिसरा जमतो. तो डबा तिच्याकडे जातो आणि ती काही बोलत नाही, कारण तो शिरा त्याने केलाय हे तिला वासावरूनच कळलेलं असतं.

चौथ्या वेळी डबा परत जातच नाही. तीन दिवस, चार दिवस. तिला मागता येत नाही, कारण डबा मागणं म्हणजे वाट बघत होते असं सांगणं. तेवढ्यात तिचा मुलगा फळीवर बघतो आणि विचारतो, 'आई, बाबांचा डबा कुठाय?'

बघा, आता सगळं आपोआप आलं. हवं असणं आलं, लपवणं आलं, पकडलं जाणं आलं. गेलेला नवरा न बोलता प्रसंगात येऊन बसला, त्यासाठी हार घातलेल्या फोटोपुढे कुणाला रडवावं लागलं नाही. (फोटोशी बोलण्याचे प्रसंग तुमच्या ड्राफ्टमध्ये दोन आहेत. दोन्ही काढा, खरंच.) आता प्रश्न एवढाच, त्याने डबा का ठेवून घेतला? शिरा करपला म्हणून? परत दिला तर भेटायचं निमित्त संपेल म्हणून? की झाकणावरचं नाव रोज सकाळी बघून त्याला काहीतरी ठरवायचंय म्हणून? पहिल्या कारणाने हलका प्रसंग होईल, दुसऱ्याने गोड होईल. मी तिसरं घेईन, आणि पहिलं कारण त्याच्या तोंडी देईन.

आता भाषेकडे येते, कारण आपल्याला मिळालेलं एक भांडवल इंग्रजी चित्रपटांकडे नाही. 'अहो' या शब्दाबद्दल बोलते आहे. बस कंडक्टरला, भाजीवाल्याला, अनोळखी माणसाला आपण 'अहो' म्हणतो. आणि तुमच्या नायिकेच्या पिढीतल्या बहुतेक बायका नवऱ्यालाही 'अहो'च म्हणत आल्या. शब्द एकच, पण सूर वेगळा. नायिका सुरुवातीला नायकाला 'अहो साठे' म्हणत असेल, शाळेतल्या सहकाऱ्याला म्हणावं तसं. एक दिवस तो छत्री विसरून निघतो. आभाळ भरलेलं. ती गॅलरीत येते आणि घाईत नुसतंच ओरडते, 'अहो!' आडनाव राहून जातं. खाली पार्किंगमधले तीन पुरुष एकदम वर बघतात, कारण तिघांनाही घरी तशीच हाक येते. साठे सगळ्यात शेवटी बघतो. त्याने सूर ओळखलेला असतो, म्हणून त्याला मान वर करायला वेळ लागतो. ती छत्री हातात तशीच धरून आत निघून जाते. नऊ वर्षांत तो सूर तिच्या तोंडून निघाला नव्हता.

हा प्रसंग मी एकदा ज्येष्ठ नागरिक संघात वाचून दाखवला होता. हशा झाला, मग शांतता, आणि मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, 'मला तर त्यांना एकदा नावाने हाक मारायची होती. राहूनच गेलं.' त्या वाक्यावर माझी नायिका उभी राहिली. तुम्हालाही ते घ्या म्हणते. तिला सोबत वगैरे नको आहे. तिला आयुष्यात एकदा एखाद्या पुरुषाला त्याच्या नावाने, अरे-तुरे करत, हाक मारायची आहे. मग पहिल्या भागात चुकून निघालेला 'अहो' आणि दुसऱ्या भागात ठरवून मारलेली नावाची हाक, या दोन टोकांमध्ये तुमची नायिका सापडेल. पहिला शब्द जुन्या घरातला आहे, दुसरा तिने स्वतः मिळवलेला आहे. नायकालाही असंच काहीतरी एक, नेमकं आणि सांगायला लाज वाटेल असं द्या.

मुलांबद्दल. त्यांना खलनायक करू नका. हे मी चूक करून शिकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालिकेत मी असाच ट्रॅक लिहिला होता आणि मुलाला सरळ दुष्ट केलं होतं, कारण त्याने एपिसोड पटापट पुढे सरकतात. प्रेक्षक मुलावर चिडले, आणि त्या चिडण्यात आई-काकांचं प्रेम कुणालाच दिसलं नाही. नंतर एका निवृत्त एसटी कर्मचाऱ्यांनी मला त्यांची हकिकत सांगितली. ते म्हणाले, 'ताई, माझ्या मुलाने विरोध नाही केला. त्याने फक्त विचारलं, बाबा, मग आईच्या साड्यांचं काय करायचं? मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी तिथेच थांबलो.' त्या मुलाच्या प्रश्नात दुष्टपणा अजिबात नाही, आणि तरी त्याने लग्न थांबवलं. तुमच्या मुलांना असे प्रश्न द्या.

प्रेमळ मुलं जास्त अडवू शकतात, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात धारदार उदाहरण डग्लस सर्क यांच्या 'ऑल दॅट हेवन अलाउज' (१९५५) मध्ये आहे. तो विनोदी चित्रपट नाही. विधवा आई आपल्या बागेत काम करणाऱ्या माळ्याच्या प्रेमात पडते, मुलांसाठी माघार घेते, आणि नाताळला मुलं तिला टीव्ही भेट देतात, वेळ जावा म्हणून. बंद पडद्याच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसतो. आपल्याकडे टीव्हीच्या जागी स्मार्टफोन आला, स्मार्टफोनमागून चारधामची तिकिटं आली. नायिकेच्या मुलीने आईला प्रेमाने नऊ दिवसांची सहल बुक करून देणं आणि त्या नऊ दिवसांत नेमकं काहीतरी ठरलेलं असणं, यात भरपूर विनोद आहे आणि कुणालाही वाईट ठरवावं लागत नाही.

याची दुसरी बाजू आपण टीव्हीवर पाहिली आहे. 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९) मध्ये सासूच्या लग्नासाठी सूनच पुढाकार घेते. निवेदिता सराफ, गिरीश ओक आणि तेजश्री प्रधान. ती कल्पना घराघरांत पोचली, कारण नातं उलटं केलं होतं : स्थळ बघायचं काम धाकटीकडे आणि लाजायचं काम थोरलीकडे. तुम्ही तेच परत करू नका, पण उलटापालटीची ती युक्ती लक्षात ठेवा. 'मी आज उशिरा येईन, जेवायला थांबू नकोस' हे वाक्य ६१ वर्षांच्या आईने मुलाला म्हणावं आणि त्याने 'कुणाबरोबर?' विचारावं, एवढ्यानेही प्रसंग होतो.

मुलांच्या विरोधामागची खरी कारणं तुमच्या ड्राफ्टमध्ये यायला हवीत, आणि ती परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिलं कारण, आईची गरज. मुलगी न्यू जर्सीला आहे म्हणालात. मग आई दर वर्षी सहा महिने नातवंडांसाठी तिकडे जात असणार. तिच्या प्रेमापेक्षा तिच्या तिकिटाची तारीख हा मोठा अडथळा आहे, आणि पटकथेला हवी असते ती मुदत तुम्हाला फुकट मिळते : जे व्हायचं ते ऑक्टोबरच्या आत. दुसरं कारण पैसा. ती कौटुंबिक निवृत्तिवेतनावर असेल तर पुनर्विवाहानंतर ते बंद होऊ शकतं. मात्र ती स्वतः शिक्षिका होती, तिचं स्वतःचं निवृत्तिवेतन असेल तर त्याला धक्का लागत नाही. ही गोष्ट आधी ठरवा, कारण तिच्यावर लग्न करायचं की नाही हे ठरतं. नायकाच्या बाजूने घर आहे. मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दुसरी पत्नीही मुलांच्या बरोबरीने वारस होते. म्हणजे मुलाची काळजी काल्पनिक नाही. मी याच जागेवर एक प्रेमप्रसंग लिहीन. दोघं वकिलाकडे शेजारी बसून आपापलं मृत्युपत्र वाचून दाखवतात. तुझं घर मला नको, हे वाक्य बागेतल्या कुठल्याही कवितेपेक्षा जास्त काही सांगतं.

लग्नच करायचं ठरलं तर कायद्यातच एक विनोदी यंत्र बसलेलं आहे. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. दोघांनी कुणालाही न सांगता नोटीस दिली, आणि सोसायटीतलं कुणीतरी आपल्या पुतण्याच्या कामासाठी त्याच कार्यालयात गेलं. पुढचे ३० दिवस अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे, फक्त सोसायटीला ठाऊक आहे हे त्या दोघांना ठाऊक नाही. मात्र धार्मिक पद्धतीने लग्न करून नंतर नोंदणी केली तर ही नोटीस लागत नाही, तेव्हा नोंदणी विवाहच का, हे पात्रांकडून यावं लागेल. तिला पुन्हा मुंडावळ्या नको असतील, हे पुरेसं कारण आहे.

लग्न करावंच असं नाही, हेही सांगते. रितेश बत्रा हा आपल्या मुंबईचा दिग्दर्शक, 'द लंचबॉक्स'वाला. त्याने अमेरिकेत जाऊन 'अवर सोल्स अ‍ॅट नाइट' (२०१७) केला, जेन फोंडा आणि रॉबर्ट रेडफर्ड यांना घेऊन. सुरुवातीलाच ती शेजाऱ्याच्या दारात जाते आणि सरळ विचारते, रात्री माझ्याकडे झोपायला याल का, शरीरसंबंधासाठी नाही, रात्र सरत नाही म्हणून. तो विचार करून सांगतो म्हणतो. मग येतो तो मागच्या दाराने, लोकांनी बघू नये म्हणून, आणि ती त्याला पुढच्या दाराने यायला सांगते. पुढचं दार आणि मागचं दार, एवढ्यात अख्खं गाव आलं. हा चित्रपट तुमच्यापेक्षा गंभीर आहे, पण त्यातला थेटपणा घ्या. या वयाची माणसं आडवळणं फार घेतात असं आपण समजतो. मी ऐकलेल्या हकिकतींमध्ये ती डबा आणि छत्रीपाशी आडवळण घेतात आणि मुद्द्याच्या वेळी तरुणांपेक्षा लवकर बोलतात.

शेवटाबद्दल. मृत्यू नको, असं माझं तुमच्यासाठी स्पष्ट मत आहे. वयस्कर पात्रांच्या गोष्टीत मृत्यू लेखकाला फार सहज हाताशी लागतो आणि आधी न कमावलेलं रडू तो उधार आणून देतो. पण हा नियम नाही. 'माय फेव्हरिट केक' (२०२४) या इराणी चित्रपटात तेहरानमधली सत्तरीची विधवा एका टॅक्सीवाल्या काकांना स्वतःहून घरी बोलावते. (शेवट सांगते आहे, बघायचा असेल तर हा परिच्छेद इथेच सोडा.) ती संध्याकाळ खाण्यापिण्याची, नाचण्याची, खळखळून हसण्याची आहे, आणि त्याच रात्री तो मरतो. ती त्याला आपल्याच बागेत पुरते, कारण तो इथे होता हे कुणाला सांगायची सोय नाही. हा मृत्यू मला मान्य आहे, कारण तो तिच्या वयातून येत नाही, बंद दारांच्या त्या देशातून येतो. दिग्दर्शकांच्या जोडीला स्वतःचा चित्रपट घेऊन बर्लिन महोत्सवाला जायचीही परवानगी मिळाली नव्हती. तुमच्या सोसायटीत तशी सक्ती नाही, तेव्हा तुमच्या नायकाला जगू द्या.

लग्नावर संपवायचं तर वरातीवर थांबू नका. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळवर थांबा. दोन घरांतली भांडी एका ओट्यावर आली आहेत, काहींवर त्याच्या बायकोचं नाव, काहींवर तिच्या नवऱ्याचं. कुठली वर ठेवायची, कुठली माळ्यावर? १९८६ चा डबा कुठल्या फळीवर जातो, आणि तो तिथे कोण ठेवतं, हे दाखवा. नावाची हाकही तिथेच येऊ दे, स्वयंपाकघरातून, साध्या आवाजात. साखर कुठे ठेवलीस रे, एवढंच पुरे. नाव तेवढं त्याच्यापुढे लावा.

'सांजवेळ' हे नाव मात्र बदला. सांज, संध्या, पैलतीर, पानगळ, या शब्दांनी प्रेक्षक तिकीट काढायच्या आधीच रुमाल काढतो, आणि तुम्हाला तो पहिल्या दहा मिनिटांत हसलेला हवा आहे. नाव घाईने ठरवू नका. सध्या फाइलला तारखेचं नाव द्या आणि आधी डब्याचे चार प्रसंग लिहून त्याच तीन गटांना परत वाचून दाखवा. तिसरा गट मोबाइल कुठल्या ओळीला बाहेर काढतो, ती ओळ खुणेने नोंदवून ठेवा आणि मला कळवा.